अशक्त माश्यांचं पथ्य

मावशींनी सव्वीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात पेशंटांचं जेवण रांधलं. निवृत्त झाल्यावर पहिला महिना त्या पोटभर झोपल्या. दुसऱ्या महिन्यात त्यांनी घरातले सगळे डबे दोन-दोनदा घासले. तिसऱ्या महिन्यात त्या नवऱ्याच्या ताटातलं मीठ मोजायला लागल्या, तेव्हा नवऱ्यानेच, म्हणजे काकांनी, घाईघाईने वर्तमानपत्रातली एक जाहिरात कापून आणली. ‘संशोधन संस्थेला अनुभवी स्वयंपाकी हवा. स्वच्छता आणि मोजमाप यांत काटेकोर.’

“हे तुझ्यासाठीच छापलंय,” काका म्हणाले. “उद्याच जा. आजच गेलीस तरी चालेल.”

मुलाखत मोठ्या मॅडमनी घेतली. प्रयोगशाळा त्यांचीच होती. केस पांढरे, आवाज हळू, आणि समोरचा बोलत असताना पूर्ण ऐकून घ्यायची सवय. मावशींनी सरळ मुद्द्याला हात घातला.

“किती माणसांचा स्वयंपाक?”

“माणसांचा नाही,” मॅडम म्हणाल्या. “माश्यांचा. साधारण पन्नास हजारांचा.”

मावशींनी मांडीवरची पिशवी नीट केली. मग म्हणाल्या, “वेळेवर जेवतात ना?”

नोकरी मिळाली.

घरी ही बातमी कळल्यावर काकांनी आठवडाभर करमणूक करून घेतली. “आयुष्यभर मी माश्या मारत बसतो म्हणून मला बोललीस, आता तू पोसायला निघालीस.” केळ्यांवर चिलटं दिसली की ते म्हणायचे, “हाकलू नकोस गं, तुझ्या ऑफिसातली माणसं आहेत.” मावशी नाकावर माशी बसू देणाऱ्यातल्या नव्हत्या, पण कामाच्या बाबतीत त्यांना थट्टा सुचत नसे. काम म्हणजे काम, आणि स्वयंपाक म्हणजे स्वयंपाक. खाणारा दोन पायांचा असो की सहा.

प्रयोगशाळेतलं स्वयंपाकघर म्हणजे एक लांबट खोली, मोठी शेगडी, दोन पातेली आणि वजनकाटा. पदार्थ एकच. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट, आणि घट्टपणा यायला अगर, म्हणजे समुद्री शेवाळाची पूड. सगळं पाण्यात शिजवायचं, हाताला सोसेल इतकं निवलं की बुरशी न धरायचं औषध घालायचं, मग बोटाएवढ्या रुंद काचेच्या नळ्यांत दोन-दोन बोटं ओतायचं आणि थंड होईस्तोवर वर मलमलचं फडकं टाकून ठेवायचं. नाहीतर सुटून फिरणाऱ्या माश्या आधीच पंगतीला बसायच्या. पहिल्या दिवशी मावशींनी चमच्याच्या टोकावर थोडं घेऊन जिभेला लावलं.

“अहो, काय करताय!” दारातून एक मुलगी ओरडली.

“मीठ राहिलंय,” मावशी म्हणाल्या.

ती मुलगी मॅडमची विद्यार्थिनी. प्रयोगशाळेत वयाने सगळ्यांत लहान आणि अंगाने काडीसारखी, म्हणून मावशींनी तिचं नाव तिथल्या तिथे ‘बारकी’ ठेवलं, आणि ते इतकं चिकटलं की आठ दिवसांत मोठ्या मॅडमही चुकून तेच म्हणायला लागल्या. बारकी दुपारी चहाला स्वयंपाकघरातच यायची. मावशींच्या शंका तिथेच निघायच्या.

“काय गं, जगात इतके हत्ती-घोडे असताना तुम्हाला हीच चिलटं सापडली?”

“चिलटं नाही मावशी, फळमाशी.”

“बरं, फळमाशी.”

“बारा दिवसांत अंड्यातून नवी माशी तयार होते. दोन-अडीच महिन्यांत म्हातारी होऊन मरते. माणसाचं म्हातारपण बघायचं तर मी सत्तर वर्षं थांबू का? आणि आपल्याला ज्या जनुकांमुळे आजार होतात, त्यातली बरीचशी यांच्यातही असतात.”

“म्हणजे आपले नातेवाईक म्हण की.”

“लांबचे.”

“लांबचे असोत. पण रोज जेवायला आहेत ना, मग घरचेच.”

एकदा बारकीने त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली माशी दाखवली. वायूने गुंगवलेल्या माश्या पांढऱ्या तबकडीवर निवांत पडल्या होत्या आणि बारकी बारीक कुंचल्याने त्यांना एका बाजूला नर, एका बाजूला माद्या असं करत होती. मावशींनी डोळा लावला. लाल विटकरी डोळे, पिवळसर अंग, पंखांवर इंद्रधनुष्य. “अगंबाई,” त्या म्हणाल्या, “ही तर नटूनथटून आलीय.” त्या दिवसापासून त्यांनी पातेलं एकदा जास्त घासायला सुरुवात केली.

बारकीचं काम एका वेगळ्या जातीच्या माश्यांवर होतं. त्यांच्यातलं एक जनुक मुद्दाम बिघडवलेलं होतं. त्या थरथरत चालायच्या, नळीच्या भिंतीवर चढताना घसरायच्या, आणि चाळिशीच्या आत, म्हणजे चाळीस दिवसांच्या आत, मरायच्या. धडधाकट माशी साठ दिवस सहज काढायची. हे का होतं ते बारकीला शोधायचं होतं. त्यासाठी शंभर अशक्त आणि शंभर धडधाकट माश्या ताज्या अन्नाच्या नळ्यांत ठेवायच्या, दर दोन दिवसांनी नळ्या बदलायच्या आणि मेलेल्या मोजायच्या. वेळ वाचावा म्हणून ती रिकाम्या नळ्यांवरच रंगाचे ठिपके लावून त्या स्वयंपाकघरात आणून द्यायची.

“लाल ठिपक्याच्या नळ्या माझ्या अशक्त माश्यांच्या, निळ्या धडधाकटांच्या,” तिने पहिल्या खेपेला सांगितलं, आणि फोन वाजला म्हणून ती निघून गेली.

एवढंच सांगणं झालं. पुढचं मावशींना सांगायची गरजच नव्हती. इस्पितळात सव्वीस वर्षं ताटांना रंगीत चिठ्ठ्या असत. निळी म्हणजे नेहमीचं जेवण. लाल म्हणजे अशक्त पेशंट, जड काही द्यायचं नाही, पोटाला झेपेल असं हलकं. मावशींनी दुसरं पातेलं खाली घेतलं. यीस्ट म्हणजे पौष्टिक, आणि पौष्टिक म्हणजे पचायला जड, हे उघड होतं. लाल ठिपक्यांसाठी त्यांनी यीस्ट निम्मं केलं. साखर तेवढीच ठेवली, अशक्त जिवाला तरतरी हवी म्हणून. आपल्या वहीत लिहिलं: ‘लाल, हलकं, यीस्ट निम्मं.’ रंगाने ते किंचित फिकं दिसायचं, पण माश्या बघायला दहाजण असले तरी त्यांच्या ताटात डोकावणारं कोणी नव्हतं.

चाळिसावा दिवस आला. अशक्त माश्यांपैकी ऐंशी जिवंत होत्या.

बारकीने तीनदा मोजल्या. पन्नासाव्या दिवशी पुन्हा तीनदा. साठाव्या दिवशी अशक्त माश्या धडधाकटांच्या बरोबरीने थरथरत का होईना चालत होत्या, आणि बारकी चालायची विसरून पळतच होती. आजवर सगळ्यांनी लिहिलं होतं की हे जनुक बिघडलं की आयुष्य घटतं. इथे तर घटत नव्हतं! फक्त अंडी कमी घालत होत्या. तेही बारकीने जनुकाच्याच खात्यावर टाकून दिलं.

“पुन्हा कर,” मोठ्या मॅडम म्हणाल्या.

तिने पुन्हा केलं. पुन्हा तसंच झालं. आता मॅडमनीही चष्मा काढून पुसला आणि आकडे परत वाचले. एका मोठ्या परिषदेला बारकीने कामाचा गोषवारा पाठवला, तो निवडला गेला. सगळ्या प्रयोगशाळेने तिचं कौतुक केलं. तिची आई फोनवर इतकी मोठ्याने रडली की पलीकडच्या टेबलावर ऐकू गेलं. मावशींनाही भरून आलं. लेकराच्या माश्या बऱ्या झाल्या होत्या.

बारकीने खात्रीसाठी तिसऱ्यांदा प्रयोग लावला, आणि तीन आठवड्यांनी मावशींच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली. महिनाभर शेगडीजवळ जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. त्यांच्या जागी साफसफाईचं काम बघणारा मदतनीस उभा राहिला. तो शहाणा आणि आज्ञाधारक माणूस. भिंतीवर छापील कागद होता, त्यात एकच कृती होती, त्याने एकच पातेलं घेतलं आणि सगळ्या नळ्या भरल्या.

घरी मावशी काळा चष्मा लावून बसल्या होत्या. काकांनी हौसेने स्वयंपाक हाती घेतला होता.

“इतकं तिखट?” मावशी पहिल्याच घासाला म्हणाल्या.

“माश्यांना चालवून घेतेस, मला चालवून घे,” काका म्हणाले.

महिन्याने मावशी कामावर परतल्या. काळा चष्मा अजून होता. उन्हात आठ दिवस लावा, असं सांगितलेलं. चहाच्या वेळेला बारकी आली, पण कप तसाच धरून बसली. डोळे सुजलेले.

“काय गं, कोणी बोललं का?”

“कोणी नाही. माश्या मेल्या, मावशी. तुम्ही गेल्यावर पंधरा दिवसांत लालवाल्या पटापट मेल्या. निळ्या तशाच आहेत. तोच प्रयोग, तीच खोली, तेच तापमान. दोनदा आलं आणि तिसऱ्यांदा माशी शिंकली. काय चुकलं तेच कळत नाहीये.”

“मग मरतीलच,” मावशी म्हणाल्या. त्यांना त्या मदतनिसाचा राग आला होता. “मी नव्हते ना! त्याने दिलं असेल जड जेवण. अशक्त जिवांना कसं सोसणार?”

बारकीने कप खाली ठेवला. “कुठलं जड?”

“नेहमीचं. निळ्यांचं.”

“निळ्यांचं म्हणजे? लालवाल्यांचं वेगळं असतं?”

“असतं म्हणजे काय! पहिल्या दिवसापासून वेगळं करतेय. यीस्ट निम्मं. तूच म्हणालीस ना, लाल म्हणजे अशक्त.” मावशींनी फळीवरून वही काढून पुढे केली. तारीखवार लिहिलेलं होतं, एक दिवस चुकलेला नव्हता.

बारकीने पानं उलटली. दहा पानं, वीस पानं. तिचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. ती वही घेऊन निघून गेली.

आपण काहीतरी मोठं करून बसलोय, एवढं मावशींच्या ध्यानात आलं. काय ते मात्र कळेना. माश्यांना मारलं असतं तर गोष्ट वेगळी. आपण तर जगवलं होतं.

अर्ध्या तासाने मोठ्या मॅडमचं बोलावणं आलं. मावशींनी जाताना फडकं धुऊन वाळत टाकलं. नोकरी जायचीच असेल तर मागे पसारा नको. खोलीत बारकी खिडकीकडे तोंड करून उभी होती. मॅडमच्या पुढ्यात वही उघडी होती.

“यीस्ट निम्मं म्हणजे अंदाजे निम्मं?” मॅडमनी विचारलं.

“अंदाजे?” मावशींना हा शब्द झोंबला. “काट्यावर, मॅडम. इस्पितळात अंदाजाने जेवण दिलं असतं तर माणसं दगावली असती.”

“दर खेपेला?”

“दर खेपेला.”

मॅडमनी वहीची पानं मागे-पुढे उलटली. त्यांचे खांदे हलायला लागले. मावशींना वाटलं बाई रडताहेत. त्या हसत होत्या, आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मग त्यांनी मावशींना खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं. कमी यीस्ट खाणाऱ्या माश्या जास्त जगतात आणि अंडी कमी घालतात, हे या धंद्यात जुनं आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. बारकीने जनुकाची कमाल म्हणून जे दोनदा मोजलं, ती मावशींच्या पातेल्याची कमाल होती.

“म्हणजे माझ्यामुळे हिचं काम फुकट गेलं?”

“चूक आमची,” मॅडम म्हणाल्या. “रंग सांगितले, अन्न एकच हवं हे सांगितलं नाही. आणि कोणती नळी कुणाची हे स्वयंपाकघराला कळायलाच नको होतं. हे मी हिला पहिल्या वर्षी शिकवायला हवं होतं.”

“तुम्ही विचारायचं तरी!” बारकी खिडकीकडूनच म्हणाली.

“तू सांगायचंस तरी!” मावशी म्हणाल्या, आणि लगेच त्यांना वाईट वाटलं.

बारकीने परिषदेला पत्र लिहिलं की निष्कर्ष चुकीचा आहे, नाव काढून टाका. आईला फोन केला तेव्हा ती जिन्यात जाऊन बोलली. त्यानंतर आठ दिवस ती चहाला आली नाही. नळ्या न्यायची, ‘थँक्यू मावशी’ म्हणायची, डोळ्याला डोळा द्यायची नाही. तिने भांडण केलं असतं तर परवडलं असतं, असं मावशींना झालं.

“मी सोडते नोकरी,” एका संध्याकाळी त्या काकांना म्हणाल्या.

काका थट्टा करायला तोंड उघडत होते, ते त्यांनी मिटलं. मग म्हणाले, “तू कधी कुणाला कमी-जास्त वाढलंस? नाही ना? मग जा. आणि त्या पोरीला चहा घेऊन तूच जा. पाय तिचे बारीक, तुझे दुखरे, पण मान तुझी जास्त ताठ आहे.”

दुसऱ्या दिवशी मावशी दोन कप घेऊन माश्यांच्या खोलीत गेल्या. बारकी कुंचला हातात घेऊन नुसतीच बसली होती.

“मला एक कळत नाही,” मावशी कप ठेवत म्हणाल्या. “हलकं जेवण सगळ्याच माश्यांना मानवतं म्हणता तुम्ही, तर धडधाकटांना दिलं असतं तर त्याही तेवढ्याच जगल्या असत्या? की माझ्या अशक्तांना जास्त फायदा झाला?”

बारकीने कुंचला खाली ठेवला. मग तिने चहा एका दमात संपवला, जीभ भाजली तरी, आणि मॅडमच्या खोलीकडे धावली.

प्रयोग नव्याने लागला, चार गटांचा. अशक्त माश्या पूर्ण जेवणावर, अशक्त हलक्यावर, धडधाकट पूर्णावर, धडधाकट हलक्यावर. या खेपेला नळ्यांवर नुसते आकडे. कोणत्या आकड्यात कोणतं अन्न हे फक्त मावशींनी ठरवायचं, कागदावर लिहून बंद पाकिटात मॅडमच्या कपाटात टाकायचं, आणि प्रयोग संपेपर्यंत कुणालाही, म्हणजे अगदी कुणालाही, सांगायचं नाही. मोजणारीला उत्तर ठाऊक असलं की मोजणीत मन घुसतं, असं मॅडम म्हणाल्या. मदतनिसाने अन्नात सगळीकडे एकच खाण्याचा रंग घालायची युक्ती काढली, म्हणजे फिकं कोणतं ते दिसायला नको.

मावशींच्या पोटात आजवर दोन तासही कोणती गोष्ट राहिली नव्हती. आता अडीच महिने ठेवायची होती.

आकडे वाचताना बारकी त्यांच्या तोंडाकडे बघते, हे तिसऱ्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं. “सतरा नंबरमध्ये आज एकही मेली नाही,” बारकी सहज म्हणायची आणि तिरक्या डोळ्याने वाट बघायची. मावशींच्या भुवया त्यांना न विचारता वर जायच्या. शेवटी त्यांनी घरून काळा चष्मा आणला आणि आत, सावलीत, दिवसभर लावून ठेवला.

“डॉक्टरांनी अजून लावायला सांगितलाय?” बारकीने विचारलं.

“डॉक्टरांनी नाही. मोठ्या मॅडमच्या पाकिटाने.”

बारकी कित्येक आठवड्यांनी प्रथमच खळखळून हसली. काकांनी घरी फार प्रयत्न केले, आवडीची भाजी आणली, पाय दाबून दिले, पण मावशींनी त्यांनाही आकडा सांगितला नाही. “एवढं गुपित लग्नाच्या वेळी ठेवलं असतंस,” काका म्हणाले, “तर तुझं खरं वय मला कळलं नसतं.”

शेवटची माशी एकोणऐंशीव्या दिवशी मेली. चौघंजण मॅडमच्या खोलीत जमले आणि मॅडमनी पाकीट मावशींच्याच हाती दिलं. मावशींनी चष्मा काढला, वाचायचा लावला, आणि एकेक आकडा वाचत गेल्या. बारकी फळ्यावर लिहीत गेली. धडधाकट माश्या पूर्ण जेवणावर सरासरी बासष्ट दिवस, हलक्यावर अडुसष्ट. अशक्त माश्या पूर्ण जेवणावर सदतीस, आणि हलक्यावर अठ्ठावन्न.

बारकीने शेवटच्या दोन आकड्यांभोवती गोल काढला. मग मदतनीस म्हणाला, “म्हणजे अशक्तांना जास्त मानवलं.”

“खूपच जास्त,” मॅडम म्हणाल्या. “का, ते आता शोधावं लागेल.” त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण खडू त्यांनी बारकीच्या हातातून घेऊन स्वतःच खाली एक प्रश्नचिन्ह काढलं. जनुक बिघडलं की आयुष्य घटतच होतं. आधीच्यांनी लिहिलेलं खरं होतं. पण किती घटतं, ते ती माशी काय खाते यावर ठरत होतं. डांगोरा पिटण्याएवढं मोठं नव्हतं. खरं मात्र होतं.

लेख लिहून झाला तेव्हा बारकी तो घेऊन स्वयंपाकघरात आली. आभारात मावशींचं नाव होतं, ‘प्रयोगाचा आहार काटेकोरपणे तयार केल्याबद्दल, आणि एका प्रश्नाबद्दल.’ मावशींनी ते दोनदा वाचायला लावलं आणि पदराने नाक पुसलं. मग बारकी मथळ्याचा अर्थ सांगायला लागली. “बिघडलेलं जनुक आणि आहारावरील निर्बंध...”

“थांब,” मावशी म्हणाल्या. “निर्बंध? मी काय पोलीस आहे?”

“तो या विषयातला शब्द आहे, मावशी. सगळे तसंच लिहितात. नाहीतर ‘अन्नकपात’ लिहू?”

“अन्नकपात!” मावशींनी पळी पातेल्यावर आपटली. “उद्या कोणी परदेशात बसून वाचेल आणि म्हणेल, त्या बाईने लेकरांना उपाशी ठेवलं. सव्वीस वर्षांत माझ्या हातून एक माणूस अर्धपोटी उठलं नाही. पथ्य लिही, पथ्य.”

“इंग्रजीत पथ्याला नेमका शब्दच नाही हो.”

“मग भाषेला सांग, घेऊन ये म्हणावं एखादा.”

दोघींचा वाद चहा गार होईपर्यंत चालला. शेवटी मथळ्यात ‘निर्बंध’ राहिला, कारण छापणारे ऐकेनात. पण आत, कृतीच्या परिच्छेदात, बारकीने मॅडमच्या परवानगीने एक वाक्य वाढवलं. ‘माश्यांना सर्व काळ पोटभर अन्न उपलब्ध होते.’ मावशींनी त्याचा अर्थ विचारून घेतला, ‘पोटभर’वर बोट ठेवलं, आणि मग त्या लेखाची एक प्रत घरी घेऊन गेल्या, काकांना दाखवायला.

काकांनी ती चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. “छान आहे,” ते म्हणाले, “पण मला एक सांग. आजपासून माझ्या ताटातलं काही निम्मं होणार आहे का?”

“बघू,” मावशी म्हणाल्या, आणि ताट वाढायला उठल्या.